पूर्णविरामाआधीची जागा

३ तारीख, सोमवार

आज त्याच्या नावाची शिरोरेषा तोडली.

काम किरकोळ. अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवायचं, एवढंच. इंग्रजी अक्षरं तशी केली तर नुसती लांब लांब उभी राहतात, पण आपल्या लिपीत वरची रेघच तुटते. त्याच्या क्लिनिकच्या वेबसाइटवर सगळ्यात वर त्याचं नाव आहे, पुढे पदव्यांची शेपटी. आता ते नाव फटी पडलेल्या दातांसारखं दिसतं. दाताच्या डॉक्टरला शोभेल असं. बराच वेळ बघत बसले, मग चहा केला. कित्येक महिन्यांत चहा इतका चांगला झाला नव्हता.

हे मला करता कसं येतं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझं मलाच खरं वाटायचं नाही. वेबसाइटच्या पानात दोन गोष्टी असतात. एक मजकूर. दुसरी, तो मजकूर दिसावा कसा हे सांगणारी स्टाइलची फाइल. रंग, आकार, अंतर, कुठला शब्द ठळक, कुठला फिका, कुठला दिसूच नये, हे सगळं ती ठरवते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी क्लिनिक निघालं तेव्हा साइट मी केली. घटस्फोट झाल्यावर त्याने सगळे पासवर्ड बदलले, मजकुराला कुलूप घातलं. पण स्टाइलची फाइल पहिल्या दिवसापासून माझ्या स्वतःच्या खात्यावर आहे आणि तिथून त्याच्या पानाला जाते. त्याला हे माहीत नाही. त्याने कधी विचारलंच नाही.

कोर्टात त्याच्या वकिलाने त्याला विचारलं होतं, बाई घरी काय करायच्या? तो म्हणाला, "बसून रंगरंगोटी."

बरं. रंगरंगोटी तर रंगरंगोटी.

४ तारीख, मंगळवार

चिमणीचा फोन. चिमणी म्हणजे त्याच्या रिसेप्शनवरची मुलगी. बोलते चिवचिव, म्हणून हे नाव मीच ठेवलं. ती बसते ती खुर्ची आधी माझी होती, तिला सगळं शिकवूनच मी उठले.

"ताई, साइटवर सरांचं नाव कसंतरीच दिसतंय. सर म्हणतात तुझा कॉम्प्युटर खराब आहे, साफ कर."

"मग केलास का?"

"केला ना. ओल्या फडक्याने. तरी तसंच दिसतंय."

मी फोन बाजूला धरून हसून घेतलं. मग तिची दया आली आणि नाव पूर्ववत केलं. तासाभराने तिचा मेसेज आला, दुसऱ्यांदा पुसल्यावर निघालं म्हणून.

एवढ्या लवकर पकडलं जायचं नाही. आणि नावाला हात लावून काय मिळणार? नाव त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं आहे. त्याने स्वतः जे लिहिलंय त्याला हात लावायला हवा.

६ तारीख, गुरुवार

त्याचं ‘आमच्याबद्दल’ हे पान आज नीट वाचलं. घटस्फोटानंतर त्याने सगळा मजकूर नव्याने लिहिलाय. ‘हे क्लिनिक मी शून्यातून, एकट्याने उभं केलं.’ एकट्याने हा शब्द बोल्ड. त्याला बोल्डचं व्यसनच आहे. बोलतानाही असाच, मधेच एखाद्या शब्दावर आवाज टाकायचा, समोरच्याला कळलं नसेल असं धरून.

एकट्याने. पहिली खुर्ची आणली तेव्हा ती जिन्यातून वर चढवायला एका बाजूने मी होते. रिसेप्शनवर मी. हत्यारं उकळायला मी. नोकरी सोडली ती मी. अकरा वर्षं.

हे मी त्याला म्हणाले असते तर काय उत्तर आलं असतं तेही पाठ आहे. "तुला असं वाटतं. असं झालंच नव्हतं. तुझा गैरसमज होतो." शेवटी शेवटी मी खरेदीच्या पावत्या जपून ठेवायला लागले होते, आपण दुकानात गेलो होतो की नाही याची खात्री पटावी म्हणून. तो चढ्या आवाजात कधी बोलला नाही. चष्मा पुसत म्हणायचा, "तू चुकीचं ऐकलंस." सगळ्यांना वाटायचं, किती शांत माणूस.

९ तारीख, रविवार

सापडलं. एका ओळीत काम झालं.

जे जे बोल्ड असेल ते दाखवू नकोस, एवढंच सांगितलं फाइलला. मजकूर जागचा हललेला नाही, एक काना इकडचा तिकडे नाही. फक्त त्याने जिथे जिथे आवाज टाकलाय तेवढे शब्द दिसायचे बंद झाले.

‘हे क्लिनिक मी शून्यातून, उभं केलं.’ बिचाऱ्याचा श्वासच अडकला वाक्यात.

‘वेदनारहित उपचार’ यातलं रहित त्याने बोल्ड केलं होतं. आता नुसतं ‘वेदना उपचार’.

‘गुणवत्तेशी तडजोड नाही.’ आता ‘गुणवत्तेशी तडजोड .’

मी एकटी खोलीत मोठ्याने हसले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी नंतर विचारलं, पाहुणे आले होते का.

फसवणूक कसली यात? मी एक शब्द लिहिला नाही, एक खोडला नाही. स्वतःच्या तोंडाने तो जे ओरडून सांगत होता तेवढं फक्त बंद केलं. अकरा वर्षांत जमलं नव्हतं.

१० तारीख, सोमवार

आईंचा फोन. माझी आई नाही, त्याची. घटस्फोट झाल्यावर मी विचारलं होतं, आता तुम्हाला काय म्हणू? त्या म्हणाल्या, "कागदावरचं नातं कागदावर सुटलं. तुझ्या तोंडाला सवय झालीय ती कशाला मोडायची." आठवड्यातून दोनदा तरी आमचं बोलणं होतं. ते त्याला आवडत नाही, आणि ते त्याला आवडत नाही हे मला आवडतं.

आई छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. आयुष्य प्रुफं वाचण्यात गेलं. अजूनही एक छोटा प्रकाशक त्यांना घरी गठ्ठा पाठवतो. स्वतंत्र राहतात, दोन खोल्यांत, हट्टाने. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत.

"दाढ ठणकतेय गं. परवा काढणार म्हणतोय."

"तोच?"

"मग काय शेजारच्या गल्लीत जाऊ? लोक म्हणतील मुलावर भरवसा नाही. चार दिवस गोळी बंद ठेवायला सांगितलंय, ती ठेवलीय." मग थांबून म्हणाल्या, "तू येशील का सोबत?"

मी म्हणाले, मी त्या जिन्यावर पाय ठेवणार नाही.

"हं," त्या म्हणाल्या. "राहू दे. शिंपीण आहे." शिंपीण म्हणजे त्यांच्या समोरच्या दारातल्या शिवणकाम करणाऱ्या बाई.

१२ तारीख, बुधवार

चिमणी रडत होती. एका पेशंटने क्लिनिकमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, डॉक्टर, तुमच्याकडे वेदना उपचार म्हणजे वेदना देता का? हशा झाला. त्याने आत बोलावून तिला झापलं. मजकूर टाइप तिने केला होता ना. ती म्हणाली, सर, मी रहित लिहिलं होतं, टाइप करायच्या पानात अजूनही लिहिलेलं दिसतंय. तो म्हणाला, "तुझा गैरसमज आहे."

"ताई, मी खरंच लिहिलं होतं."

"लिहिलं असशील," मी म्हणाले.

"मग दिसत का नाही?"

मी म्हणाले बघते. बघायचं काय होतं? तासाभरात ओळ काढावी असं एकदा मनात आलं. पण लोक हसले म्हणाली ना. सगळ्यांसमोर. तेवढं मला दोन-चार दिवस तरी राहू दे. चिमणीला तो काढणार नाही, एवढ्या पगारात दुसरी कोण मिळणार त्याला.

संध्याकाळी आईंचा फोन. दाढ निघाली. तोंडात कापूस, त्यामुळे अर्धं कळलं.

"काही सांगितलं का त्याने, काय करायचं, काय नाही?"

"बाहेर रांग होती. म्हणाला, साइटवर सगळं लिहिलंय, घरी जाऊन नीट वाच."

स्वतःच्या आईलाही दोन मिनिटं नाहीत. हा माणूस असा आहे. मी त्यांना म्हणाले, तुम्ही वाचण्यात काय कमी पडणार, वाचा आणि झोपा.

१४ तारीख, शुक्रवार

सकाळी शिंपीणबाईंचा फोन. आई मोरीत पडल्या. बेसिन रक्ताने भरलं होतं, दार ढकलून त्यांनी उचललं, रिक्षाने हॉस्पिटलात नेलं.

मी पोचले तेव्हा टाके घालून झाले होते. डाव्या गालाला सूज, ओठाच्या कडेला वाळलेलं रक्त, पण डोळे उघडे. मला बघून हात पुढे केला.

"अगं, सांगितलं तसंच तर केलं," त्या म्हणाल्या. शब्द जड येत होते. "गरम पाण्याने जोरात चुळा भरणे. वारंवार थुंकणे. सगळं केलं. कालपासून रक्त येतच होतं. म्हटलं, घाण निघत असेल."

मी म्हणाले, असं कसं लिहिलं असेल, दाढ काढल्यावर चूळ भरायची नसते.

"मला पण वाटलं. पण लिहिलंय ना. डॉक्टरने लिहिलंय." मग त्या जरा हसल्यासारखं करून म्हणाल्या, "फक्त कंपोज भिकार आहे. भरणे या शब्दानंतर एक जागा सोडून पूर्णविराम. थुंकणे नंतर पण. पूर्णविराम शब्दाला चिकटून असतो, सांग त्याला."

मी त्यांचा हात सोडला. सोडला म्हणजे सुटला.

बाहेर बाकावर बसून फोनवर ते पान उघडलं. ‘दाढ काढल्यानंतर’. मी हे पान कधी उघडलंच नव्हतं, माझं लक्ष फक्त त्याच्या बढाईच्या पानावर. कापूस दाबून धरणे. बर्फाने गाल शेकणे. गरम पाण्याने जोरात चुळा भरणे . वारंवार थुंकणे . पूर्णविरामाआधी जागा होती. तिथे ‘टाळावे’ होतं. बोल्डमध्ये.

स्टाइलची फाइल सगळ्या पानांना एकच असते. हे मी कामावर येणाऱ्या शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगते.

तिथेच बसून ओळ काढली. फोनवरूनच, दोनदा चुकीचं दाबून. मग पान पुन्हा उघडलं. दोन्हीकडे ‘टाळावे’ आलं, जाड, काळं, जसं काही कधी गेलंच नव्हतं.

आत जायचा धीर होईना. पण गेले. तोपर्यंत तो आला होता.

तो पलंगापाशी उभा राहून आपला फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरून होता. "हे बघ आई. काय लिहिलंय? टाळावे. ठळक अक्षरात आहे. तू चुकीचं वाचलंस."

आईंनी चष्मा मागितला. वाचलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा वाचलं.

"नव्हतं रे," त्या म्हणाल्या.

"आई, आता दिसतंय ना?"

"आता दिसतंय."

"मग?"

त्यांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. मी दारात उभी होते. फोन माझ्या मुठीत होता.

१५ तारीख, शनिवार

आई घरी आल्या. तो शिंपीणबाईंना जिन्यात सांगत होता, मला ऐकू जावं अशा बेताने, की आता एकटीने राहणं बंद. गोळ्यांची पाकिटंही वाचता येत नसतील तर उद्या काय होईल? गावाबाहेर एक चांगलं निवासस्थान आहे, डॉक्टर, नर्स सगळं आहे, त्याची चौकशी त्याने सुरू केलीय.

मी आत आईंजवळ बसले. त्यांनी डाळीच्या डब्यावरचं लेबल हातात घेतलं होतं. मोठ्याने वाचत होत्या. मग मला म्हणाल्या, "बरोबर वाचलं?"

"बरोबर."

मग साबणाची वडी. मग माझ्या पिशवीवर छापलेलं दुकानाचं नाव. "बरोबर?"

"आई, पुरे आता."

"नाही, मला सांग. दोन ओळींत तोच शब्द मी दोनदा कसा खाल्ला? एकदा नजर सटकते. दोनदा त्याच ठिकाणी? हे डोळ्यांचं नाही. हे डोक्याचं आहे." टेबलावर प्रुफांचा गठ्ठा होता, दोरीने बांधलेला. "शिंपिणीच्या हातून परत पाठवतेय. मला आता जमणार नाही."

सांगायचं होतं. खरंच ओठावर होतं. पण तो दारात होता, चष्मा पुसत. मी सांगितलं असतं तर पुढचं आयुष्यभर त्याने तेच सांगितलं असतं सगळ्यांना. बघा, ही बरी नाही, मी कोर्टात म्हणत नव्हतो?

त्याच्यासमोर मान खाली घालायची नाही. बाकी काहीही करीन.

चुळांचं तरी त्याला चार शब्दांत सांगता आलं नसतं का? खरा गुन्हा त्याचाच आहे. हे मी विसरता कामा नये.

१७ तारीख, सोमवार

उपाय सापडला, असं सकाळी वाटलं होतं.

ओळ परत घालायची. पण फक्त त्या एका पानापुरती. म्हणजे आईंना दिसेल की शब्द खरोखरच नाहीये, त्यांचं डोकं ठिकाणावर आहे. आणि साइट कुणाची? डॉक्टरची. आईचं रक्त सांडलं ते कुणाच्या पानामुळे? डॉक्टरच्या. एका दगडात दोन पक्षी. हातातलं काम बाजूला ठेवून लगेच केलं आणि त्यांना फोन लावला.

"आई, ते पान परत एकदा उघडा बरं."

त्यांनी उघडलं. वाचत गेल्या. मग थांबल्या.

"नाहीये," त्या म्हणाल्या.

"बघा. म्हणजे तुमचं बरोबर होतं. त्याच्याच पानात घोळ आहे. आता त्याला बोलवा आणि दाखवा."

मला वाटलं होतं त्यांचा आवाज फुलेल. तो फुलला नाही.

"परवा होतं," त्या म्हणाल्या. "त्याच्या फोनवर होतं. घरी येऊन मी माझ्या फोनवर दहादा बघितलं, तेव्हाही होतं. आज नाही."

"असं होतं कधी कधी, साइटवर..."

"मला शिकवू नकोस. चूक झाली की ती तिथेच बसून राहते, कोणी उठवेपर्यंत. येणारी-जाणारी चूक नसते. तिथे कुणाचातरी हात असतो." मग अगदी हळू, "आणि आज उघडून बघा, हे तुला कसं सुचलं गं?"

मी समोरचा लॅपटॉप मिटला.

"पान कसं दिसावं ते तू करायचीस."

"हो."

"अजून तूच करतेस?"

"हो."

फोन बंद झाला. मी पुन्हा लावला नाही. ओळ तेवढी काढून टाकली, दुसऱ्या कुणाची आई वाचत असेल म्हणून. हे आधी सुचायला हवं होतं.

१८ तारीख, मंगळवार

शिंपीणबाईंकरवी निरोप आला, संध्याकाळी ये, लॅपटॉप घेऊन ये.

तो आधीच आला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आई, समोर तो, तिसरी खुर्ची माझ्यासाठी ओढून ठेवलेली. जणू तिघं जेवायलाच बसणार होतो, पूर्वीसारखे. आईंच्या गालाची सूज उतरली होती, निळसर डाग राहिला होता.

"आई, हिला कशाला बोलावलंस?" तो म्हणाला.

"गप बस." आणि मला, "लाव."

मी ओळ लावली. आईंनी आपल्या फोनवर पान उघडून मोठ्याने वाचलं, छापखान्यात वाचायच्या तसं, विरामचिन्हांसकट. "गरम पाण्याने जोरात चुळा भरणे, एक रिकामी जागा, पूर्णविराम." मग म्हणाल्या, "काढ." मी काढली. "गरम पाण्याने जोरात चुळा भरणे टाळावे, पूर्णविराम."

त्याला समजायला वेळ लागला. मग चेहऱ्यावर जे आलं ते मी अकरा वर्षं ओळखते. राग नव्हता. समाधान होतं.

"मी सांगत होतो," तो म्हणाला. "कोर्टात सांगितलं, तुला सांगितलं. ही बरी नाही. मी पोलिसात जातो."

"जा," आई म्हणाल्या. "पण आधी ऐक. बरी नाही हे तू हिच्याबद्दल सांगितलंस, मी ऐकून घेतलं. मला वाटलं, नवराबायकोचं काय ते. परवा तेच तू माझ्याबद्दल सांगितलंस. त्याच आवाजात. दाढ तू काढलीस. चूळ भरू नकोस, एवढं तोंडाने सांगायला जीभ झिजली असती?"

तो चष्मा काढायला लागला.

"आणि तो चष्मा राहू दे डोळ्यांवर."

मला, खोटं कशाला लिहू, त्या क्षणी आनंद झाला. आत कुठेतरी एक जुनी गाठ सैल झाली. तो आनंद माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा, कारण आई माझ्याकडे वळल्या.

"तू काय हसतेस? शब्द गेला ते तुझ्याकडून चुकून झालं, मानते. पण मी वेडी ठरले ते?"

"मला सांगायचं होतं, आई."

"डब्यांवरची लेबलं वाचून दाखवत होते मी तुला. बरोबर म्हणत होतीस. तीन दिवस चाललं की तुला."

मी म्हणाले, याच्यासमोर कसं सांगणार होते.

"हो ना," त्या म्हणाल्या. "तुमच्या दोघांच्या मधे माझं डोकं ठेवायला जागा होती." मग उठल्या, टेबलाला हात टेकून. "जा आता दोघं. वेगवेगळे जा. जिन्यात भांडण नको, शिंपिणीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जातं."

वेगवेगळे गेलो नाही, जिना एकच आहे. खालच्या पायरीवर तो म्हणाला, "वेदनारहितचं पण तूच?"

"मीच."

"माझी शोभा झाली."

"कळलं होतं मला."

"मी त्यावरून त्या रिसेप्शनच्या मुलीला काढलं. शनिवारी."

चिमणीने मला सांगितलं नव्हतं. फोनच आला नव्हता तिचा, हे माझ्या तोवर लक्षातही आलं नव्हतं.

"परत घे," मी म्हणाले.

"फाइल दे."

"देते. आधी तिला घे."

२० तारीख, गुरुवार

ज्या जिन्यावर पाय ठेवणार नव्हते तो चढले. फाइल त्याच्या खात्यावर हलवायची तर ते तिथे बसूनच करावं लागणार होतं. पोलिसात तो गेला नाही. आईंनी शपथ घातली म्हणून की स्वतःचीच लाज झाकायची होती म्हणून, ते माहीत नाही.

चिमणी आपल्या खुर्चीवर होती. मी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने ऐकून घेतलं, समोरच्या वहीत अपॉइंटमेंट लिहीत.

"म्हणजे मी रहित लिहिलं होतं."

"लिहिलं होतंस."

"मी घरी सांगितलं होतं, माझीच चूक झाली असेल. आई म्हणाली, तुझं लक्ष नसतंच कशात." मग वही मिटून म्हणाली, "मॅडम, तुम्हाला कुठला सॉकेट हवाय? हा चालत नाही."

मॅडम. ताई नाही.

काम दुपारपर्यंत झालं. शेवटी सगळी पानं एकेक करून तपासली, शब्द न् शब्द दिसतोय ना बघितलं. त्याचं नावही, रेघ अखंड. तो आतून बाहेर आला नाही. ड्रिलचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं होतं हातातून काहीतरी गेल्यासारखं होईल. तसं झालं नाही. त्याच्याबद्दलचा राग जसाच्या तसा आहे, फक्त आता त्याला करायला काही काम उरलेलं नाही.

त्या निवासस्थानाचं पुढे काय झालं ते शिंपीणबाईंकडून कळलं. आईंनी माहितीपत्रक दारातच परत दिलं म्हणे, चुका लाल पेनाने दाखवून. मला बरं वाटलं. शिंपीणबाई मात्र पुढे म्हणाल्या, "चुका आधी मला विचारल्या त्यांनी. एकेक."

आईंना दोनदा फोन केला. उचलला नाही.

२४ तारीख, सोमवार

सकाळी त्यांचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"टाके काढायचेत. त्याच्याकडे जायचं नाही. तू येतेस?"

गावाच्या दुसऱ्या टोकाला दातांची एक डॉक्टरीण आहे, वयस्कर, छोटा दवाखाना, भिंतीला जुना हिरवा रंग. रिक्षात आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी विचारलं, दुखतं का? नाही म्हणाल्या. मी म्हणाले, चिमणी परत कामावर आली. हं म्हणाल्या. मी म्हणाले, प्रुफं परत मागवलीत का? त्या बाहेर दुकानांच्या पाट्या बघत राहिल्या. ओठ हलत होते.

टाके पटकन निघाले. डॉक्टरीणबाईंनी सगळं तोंडाने सांगितलं, वर एक छापील कागदही दिला. आईंचा चष्मा डोळ्यांवरच होता. त्यांनी कागद हातात घेतला, बघितला, आणि माझ्यापुढे धरला.

"वाच."

"आई, तुम्हीच वाचा ना. मोठी अक्षरं आहेत."

"वाच म्हटलं ना."

मी वाचलं. बाकावर इतर माणसं होती, सगळी बघायला लागली. दोन दिवस मऊ खाणे. त्या बाजूने चावणे टाळावे. ब्रश हलक्या हाताने करणे. एवढंच होतं, लगेच संपलं.

आईंनी डोळे मिटले होते.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. संपल्यावर कागदाची घडी घालायला लागले तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता आणि पकड घट्ट होती. त्या रागावल्यात की त्यांना आधार हवाय, मला कळेना.

"विरामचिन्हांसकट," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."